ताटावरचा हट्ट

आपल्या घरांत मुलाचें वळण प्रथम पाहिलें जातें तें त्याच्या पानावर. वाढलेलें टाकूं नये, चवीची तक्रार करूं नये, डावी बाजू उजवी बाजू सर्व संपवावी, आणि यजमानानें आग्रह केला असतां निदान एक घांस अधिक घ्यावा, हे संस्कार आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ते वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. ज्या मुलखानें दुष्काळ पाहिले, तेथें अन्नाचा आदर शिकवावाच लागतो. परंतु प्रत्येक वळणास एक मर्यादा असते. ती ओळखली नाहीं म्हणजे संस्काराचाच जाच होऊन बसतो, व कांहीं मुलांच्या बाबतींत तो जिवावर बेततो. अशा मुलांविषयीं, आणि विशेषतः वाढत्या वयाच्या मुलींविषयीं, या महिन्यांत चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उदाहरणासाठीं गडमुडशिंगींतील एखादें घर कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं. हें गांव करवीर तालुक्यांतील, कोल्हापूर शहराच्या अगदीं जवळचें; गांधीनगरची कापडाची मोठी पेठ आणि उजळाईवाडीचा विमानतळ हीं दोन्ही शेजारींच. वडील शहरांत नोकरीस, आई शिक्षिका, घरांत आजी आणि सोळा वर्षांची कन्या. ही कन्या लहानपणापासून ‘नाजूक खाण्याची’ म्हणून नातलगांत प्रसिद्ध. मऊ भात, तूप, मीठ. पोळी चालते, पण तिला भाजीचा रस लागतां कामा नये. दूध एकाच पेल्यांतून. उन्हाळ्यांत घरोघर वर्षाची चटणी होऊं लागली आणि भाजलेल्या मिरचीचा व लसणाचा वास गल्लींत भरला, कीं ती दार लावून बसते. अभ्यासांत हुषार, बोलण्यांत सरळ, मैत्रिणी थोड्या. दहावीपर्यंत सर्व निभावतें. अकरावीस कोल्हापुरांतील महाविद्यालय सुरू होतें. नवी बस, नवे चेहरे, डबा खाण्याची गजबजलेली जागा. डबा भरलेला परत येऊं लागतो. पुढें ती संकष्टी धरते, मग एकादशी, मग सोमवार. वहींत घांसाघांसाचा हिशेब मांडला जातो. सहा महिन्यांत कपडे अंगावर लोंबूं लागतात आणि मासिक पाळी बंद पडते.

आजी म्हणते, “पोर देवाधर्माची आहे, करूं दे उपास.” वडील म्हणतात, “हट्ट आहे नुसता. भूक लागली म्हणजे येईल ताळ्यावर.” मावशी विचारते, “अगं, सासरीं कसें व्हायचें हिचें?” तिघांच्याहि बोलण्यामागें माया आहे. परंतु त्या मुलीला जवळ बसवून, “बाळ, हें अन्न पुढें आलें म्हणजे तुला नेमकें काय होतें?” एवढा एक प्रश्न कोणीच विचारलेला नाहीं. आमच्या मतें उपचाराचा आरंभ या प्रश्नापासून होतो.

कांहीं माणसांच्या मेंदूची घडणच जन्मतः बहुसंख्यांहून निराळी असते. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, चित्त एका जागीं ठरूं न देणारी एडीएचडी ही अवस्था, वाचन-लेखनाची विशिष्ट अडचण, या सर्वांस मिळून अलीकडे न्यूरोडायव्हर्जंट असा शब्द रूढ झाला आहे. आपण त्यांस निराळ्या घडणीचीं माणसें म्हणूं. यांतील पुष्कळजण बुद्धीनें तल्लख असतात. मात्र जो वास आपणांस आला न आला असा वाटतो, तो त्यांतील कित्येकांस असह्य होतो. आणि जी भूक आपणांस वेळेवर हांक मारते, ती कित्येकांस ऐकूंच येत नाहीं. स्वमग्न माणसास दिनक्रम तोच राहिला म्हणजे धीर वाटतो; तो अचानक मोडला कीं पायाखालची जमीन सरकल्यासारखें होतें. मुलींच्या बाबतींत ही घडण ओळखूं येण्यास फार उशीर लागतो. त्या भोंवतालच्या मुलींचें पाहून तसें वागण्याची शिकस्त करतात, आणि घरचीं माणसें त्यांस लाजाळू व शहाणी समजून निश्चिंत राहतात.

वैद्यकानेंहि हा धागा उशिराच पकडला. उपाशी राहून झिजत जाण्याच्या विकाराचें वर्णन लंडनचे विल्यम गल व पॅरिसचे शार्ल लासेग यांनीं १८७३-७४ च्या सुमारास केलें. गल यांनीं त्यास ॲनोरेक्सिया नर्व्होसा हें नांव दिलें. लिओ कॅनर यांनीं अमेरिकेंत १९४३ सालीं स्वमग्न मुलांवर जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत अकरा मुलांची हकीकत आहे. त्यांपैकीं सहा मुलांस तान्हेपणापासून खाण्याची गंभीर अडचण होती. बाहेरचें जग मुलाच्या आयुष्यांत प्रथम शिरतें तें अन्नाच्या रूपानें, अशा अर्थाचें मार्मिक निरीक्षणहि कॅनर यांनीं तेथें नोंदविलें आहे. तरीहि या दोन विकारांचा परस्परांशीं कांहीं संबंध असेल काय, हा प्रश्न स्वीडनचे ख्रिस्तोफर गिलबर्ग यांनीं जाहीरपणें विचारण्यास १९८३ साल उजाडावें लागलें. त्यानंतर ॲनोरेक्सियावर उपचार घेणाऱ्यांची तपासणी झाली, तेव्हां निरनिराळ्या पाहण्यांत पांचांत एकापासून तिघांत एकापर्यंत व्यक्तींमध्यें स्वमग्नतेचीं लक्षणें ठळक आढळलीं. एरवीं समाजांत हें प्रमाण शेंकडा एक-दोनाच्या आसपास आहे.

तेव्हां ताट दूर सारलें जातें त्याचें कारण एकच नसतें, हें प्रथम ध्यानांत घ्यावें. पहिलें कारण इंद्रियांचें. भेंडीचा बुळबुळीतपणा, टोमॅटोची साल, दोन पदार्थांचे एकमेकांत मिसळलेले रस यांनीं खरोखर ओकारी येते. एकदां ठसका लागला असेल तर गिळण्याचीच भीति बसते. येथें वजनाचा विचारहि मनांत नसतो. या अवस्थेस वैद्यकाच्या ग्रंथांत २०१३ सालीं आरफिड हें स्वतंत्र नांव मिळालें. दुसरें कारण भूक न जाणवण्याचें. अशी व्यक्ति वाचनांत वा कामांत गढली म्हणजे सायंकाळपर्यंत पाण्यावांचून राहते. तिसरें कारण नियमांचें. भोंवतालचें जग अनाकलनीय वाटूं लागलें म्हणजे आंकडा तेवढा आपल्या हातचा वाटतो. वजनाचा आंकडा, घांसांचा आंकडा, चाललेल्या पावलांचा आंकडा. कोणास त्याबरोबर लठ्ठ होण्याची भीतिहि असते, कोणास ती फारशी नसते. चौथें कारण चंचल चित्ताचें. एडीएचडी असलेली व्यक्ति दिवसभर जेवण विसरते, रात्रीं ताबा सुटून भराभर खाते व मग लाजेनें चूर होते. त्या अवस्थेच्या कांहीं औषधांनींहि दिवसाची भूक मरते. एकाच व्यक्तींत यांतील दोन-तीन कारणें एकवटलेलीं असूं शकतात. ओकारीनें न जेवणाऱ्या मुलीस ‘जाड होण्याची भीति सोड’ असा उपदेश करणें म्हणजे पायांत कांटा रुतलेल्यास डोक्याला तेल चोळण्यापैकींच होय.

येथें एक खरी अडचण उभी राहते. मुलीचे सर्वच नियम तिच्या घडणीचे म्हणून पाळावयाचे ठरविले, तर आजार त्याच नियमांच्या आडून तिला खाऊन टाकील. आणि सर्वच नियम आजाराचे म्हणून मोडूं गेलों, तर जो आधार धरून ती उभी आहे तोच निखळेल. मग निवड कशी करावी? या कामीं एका जुन्या प्रयोगाची मदत होते. अमेरिकेंतील मिनेसोटा विद्यापीठांत ॲन्सेल कीज यांनीं १९४४-४५ सालीं ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनें, सहा महिने अर्धपोटीं ठेविलें. युद्धानें उपासमार झालेल्या लोकांस पुन्हां कसें जेवूं घालावें हें शिकण्याचा त्यांत हेतु होता. त्या धडधाकट तरुणांचें वजन सुमारें पाव हिश्श्यानें घटलें. ते पाककृतींचीं पुस्तकें वाचूं लागले, अन्नाचे बारीक तुकडे करून तासन्‌तास चिवडूं लागले, चिडखोर झाले, माणसांत मिसळेनासे झाले. म्हणजे हेकटपणा, अबोला व ताटाभोंवतालचे विचित्र विधि हे कित्येक वेळां उपासमारीनेंच उत्पन्न होतात, आणि शरीर भरून आलें म्हणजे हळूंहळूं ओसरतात. जें त्यानंतरहि शिल्लक राहील, तें बहुधा त्या व्यक्तीच्या घडणीचें.

यावरून घरच्या माणसांनीं प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारावे. हा नियम लहानपणापासूनचा आहे, कीं वजन घटूं लागल्यापासूनचा? चालणाऱ्या पदार्थांची यादी वर्षानुवर्षें तेवढीच आहे, कीं महिन्यागणिक आंखूड होत आहे? आणि नियमाप्रमाणें जेवण झाल्यावर मुलीला स्वस्थता येते, कीं खाल्ल्याचा पश्चात्ताप होतो? भाजी पोळीला लागूं नये हा तिचा नियम पांचव्या वर्षापासूनचा असेल, व तो पाळला म्हणजे ती पोटभर जेवत असेल, तर खुशाल पाळावा. वाट्या निराळ्या ठेवण्यांत आपलें काय जातें? परंतु काल भातावर तूप चालत होतें, आज चालत नाहीं, आणि उद्यां भातहि चालणार नाहीं, असा क्रम दिसला तर तो आजार बोलत आहे असें समजावें, व त्याला शांतपणें पण ठामपणें विरोध करावा.

लंडनच्या मॉड्‌स्ली येथील केट चंतुरिया व त्यांच्या सहकाऱ्यांनीं स्वमग्न रुग्णांसाठीं ‘पीस’ नांवाची जी उपचारपद्धति आंखली, तींत याच विवेकाचा अवलंब आहे. तेथें रुग्णविभागाचे भडक रंग सौम्य केले गेले. ज्यांस तीव्र चवी सोसत नाहींत त्यांच्यासाठीं सौम्य पदार्थांचा, पण पोषणांत कमी नसलेला आहार ठरविण्यांत आला. आणि आपणांस काय सोसतें, काय सोसत नाहीं, आपल्याशीं कसें बोलावें, हें रुग्णानें स्वतः लिहून ठेवावें अशी सोय झाली. त्या अनुभवाचें पुस्तक २०२१ सालीं प्रसिद्ध झालें आहे. यांतील बहुतेक गोष्टींस खर्च फार लागत नाहीं, म्हणून त्या आपल्या स्वयंपाकघरांतहि करतां येतील.

उद्यां काय शिजणार तें आदल्या दिवशीं कागदावर लिहून भिंतीस लावावें, व त्यांत आयत्या वेळीं बदल करूं नये. जेवणाच्या वेळा ठराविक असाव्या. भूक लागण्याची वाट पाहूं नये, घड्याळाची घंटा हीच भूक मानावी. ‘थोडें आणखी खा’ हें बोलणें निराळ्या घडणीच्या माणसास छळासारखें वाटतें, कारण थोडें म्हणजे किती तें त्यास कळत नाहीं. ‘दोन पोळ्या, एक वाटी वरण, एक पेला दूध’ असें स्पष्ट सांगावें, व हें प्रमाण आपण अंदाजानें न ठरवितां वैद्यांकडून वा आहारतज्ज्ञांकडून ठरवून घ्यावें. तिला चालणारे पदार्थ काढून घेऊन शिक्षा करूं नये. पोषण वाढवावयाचें तें आधीं त्याच पदार्थांच्या आधारें वाढवावें. नवा पदार्थ आणावयाचा तर एका वेळीं एकच, निराळ्या वाटींत, आणि न खाल्ला तरी चालेल या करारानें. भातांत चोरून तूप किंवा दुधांत चोरून औषधाची पूड कधींहि मिसळूं नये. ज्या दिवशीं तें कळेल त्या दिवशीं तिचा उरलासुरला विश्वासाचा पदार्थहि हातचा जाईल.

उपवासाविषयीं स्पष्ट लिहिलें पाहिजे. आपल्या शास्त्रकारांनीं बाल, वृद्ध व आतुर यांस व्रतांतून सवलत दिली आहे, आणि ही मुलगी आतुर आहे. तिनें बरें होईपर्यंत एकहि उपवास करूं नये, आणि हें तिला वडीलधाऱ्या आजीनेंच सांगावें. त्या तोंडून आलेल्या शब्दाचें वजन निराळें असतें. तीच गोष्ट पंगतीची. लग्नकार्यांत वा गणपतींत नातलगांचा आग्रह, ‘किती वाळलीस ग’ आणि ‘आतां कशी भरलीस’ हीं दोन्ही विधानें सारखींच घातक आहेत. तिच्या अंगकाठीवर कोणीं बोलूं नये असें यजमानास आधीं कळवावें; जरूर तर तिचें पान आंतल्या खोलींत, आईच्या वा भावाच्या सोबतीनें मांडावें. यांत अपमान कोणाचाच नाहीं.

“हे तर शुद्ध लाड झाले,” असें कोणी म्हणेल. लाडांत मुलाची इच्छा पुरविली जाते. येथें त्याची अडचण दूर केली जाते, व तीहि जेवण पोटांत जावें म्हणून. डोळ्यांस चष्मा लावला म्हणून मूल लाडावत नाहीं. दुसरा आक्षेप आम्हांस अधिक खरा वाटतो, आणि तो म्हणजे हें सर्व करणार कोण? आज बहुतेक घरांत तें एकट्या आईच्या अंगावर पडतें. ती शाळा संभाळते, स्वयंपाक करते, दिवसांतून पांच वेळां मुलीच्या ताटासमोर धीर धरून बसते, आणि वजन घटलें कीं बोलहि तिलाच लागतो. हा अन्याय आहे. वडिलांनीं एक वेळचें जेवण आपल्याकडे घ्यावें, आजीनें एक घ्यावें, आणि मुलीला खावयास लावण्याच्या पद्धतींत तिघांचें एकमत असावें. एकानें रागवावें व दुसऱ्यानें पाठीशीं घालावें, या ओढाताणींत आजाराचेंच फावतें.

मात्र घरच्या धीरालाहि सीमा आहे, आणि ती शरीर ठरवितें. उठतां-बसतां घेरी येणें, नाडी फार मंद चालणें, हातपाय गार पडणें, पाणीहि नकोसें होणें, वारंवार ओकाऱ्या काढणें, पायांस सूज येणें, वजन झपाट्यानें उतरणें, किंवा जगण्याचा कंटाळा बोलून दाखविणें, यांपैकीं कांहींहि दिसलें तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. कोल्हापुरास राजर्षि शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशीं जोडलेलें छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय आहे. गडमुडशिंगीसारख्या गांवाहून तें फार दूर नाहीं. फार दिवस उपाशी राहिलेल्यास घरींच एकदम भरपूर जेवूं घालणें हेंहि धोक्याचें आहे. तशानें रक्तांतील फॉस्फेटादि क्षार एकाएकीं उतरून हृदय बंद पडूं शकतें. म्हणून आरंभींचा आहार वैद्यांच्या देखरेखीखालींच वाढवावा. कोठें जावें हें सुचत नसेल तर केंद्र सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सुरू केलेली ‘टेली मानस’ ही विनामूल्य दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, व तेथें मराठींतून बोलतां येतें. वैद्यांकडे जातांना वजनाच्या नोंदींबरोबर बालपणापासूनच्या खाण्याच्या सवयींची हकीकतहि लिहून न्यावी, व स्वमग्नतेची किंवा एडीएचडीची तपासणी करावी काय, असें आपण होऊन विचारावें. निदानाला घाबरूं नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत स्वमग्नतेचा समावेश आहे. पुढें शिक्षणांत व परीक्षेंत सवलती मागतांना त्याचा उपयोग होतो. आणि त्याहून मोठी गोष्ट अशी कीं, आपण वाईट नसून निराळ्या आहों, हें कळल्यानें कित्येकींच्या मनावरचें वर्षानुवर्षांचें ओझें उतरतें.

शेवटीं बरें होणें कशास म्हणावें याचा निर्णय करूं. पंगतींत सर्वांबरोबर बसून वाढलेले सर्व पदार्थ आनंदानें खाणारी मुलगी, हें चित्र मनांत धरून जे पालक वाट पाहत बसतात, त्यांच्या पदरीं बहुधा निराशा येते, आणि मुलीच्या पदरीं आपण नापास झाल्याची भावना. त्यापेक्षां साधी कसोटी धरावी. वजन वयाला साजेसें टिकलें आहे, पाळी नियमित आली आहे, रक्त चांगलें आहे, पुस्तकांत लक्ष लागतें आहे, आणि ताट समोर आलें असतां छातींत धडधड होत नाहीं, एवढें साधलें कीं ती बरी झाली. मग ती जन्मभर दहाच पदार्थ खाईना, आणि भाजी पोळीला न लावतां खाईना. अन्नाचा आदर आपल्या घरांत शिकविला जातोच. ज्यानें तें खावयाचें, त्याच्याहि घडणीचा तितकाच आदर शिकविला, तर अनेक घरांतील ताटें पुन्हां रिकामीं होऊन स्वयंपाकघरांत परततील.